कोल्हापूर–नागपूर विमान: अंतर एकच, मग वेळ इतक्या तऱ्हेची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सत्तरीच्या आईला घेऊन तुम्हाला कोल्हापूरहून विमानाने नागपूरला जायचंय आणि तिथून रेल्वेने चंद्रपूरला मावशीकडे. विमानाचं अंतर शोधलं तर एका ठिकाणी ३७९ दिसलं, दुसरीकडे ४३६, तिसरीकडे ७०२. वेळेचंही तेच: कुठे ५२ मिनिटं, कुठे १ तास २२ मिनिटं, आणि तिकिटावर जवळपास दीड तास. विमान ताशी आठशे किलोमीटर जातं म्हणतात, मग सातशे किलोमीटरला दीड तास कसा? आणि तिकिटावरच्या पोहोचण्याच्या वेळेनंतर सव्वा तासाने गाडी आहे, ती मिळेल का?

गाडीचं आधी सांगते, कारण त्यात आईंचा त्रास वाचणार आहे. सव्वा तासाच्या भरवशावर ती गाडी धरू नका. मध्ये किमान साडेतीन तास ठेवा. नागपूरहून चंद्रपूरमार्गे बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात, पुढची एखादी घ्या. आता बाकीचं नीट समजावते, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं आणि उत्तर म्हणून फक्त एक आकडा मिळतो. त्या आकड्यावर विसंबून माणसं गाड्या चुकवतात.

मी एकवीस वर्षं एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये काम केलं. डिस्पॅचर म्हणजे विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, वजन आणि हवामान यांचा हिशेब मांडणारा माणूस. तो कागद कॅप्टन तपासतो, सही करतो आणि मगच विमान हलतं. त्यामुळे अंतर आणि वेळ ही माझी रोजची भाजी-भाकरी. त्यात बरीच वर्षं छोट्या विमानतळांच्या फेऱ्या माझ्याकडे होत्या, आणि छोट्या फेऱ्यांचं गणित मोठ्या फेऱ्यांसारखं चालत नाही.

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे एकाच रेषेचे आहेत. ७०२ हे किलोमीटर, ४३६ हे आपण ज्याला नुसतं मैल म्हणतो ते, आणि ३७९ हे नॉटिकल मैल. विमानाच्या कागदावर नेहमी नॉटिकल मैलच असतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आकडा वेडावाकडा वाटतो, पण तो थेट पृथ्वीच्या मापातून आलाय. अक्षांशाच्या एका अंशाची साठ मिनिटं केली, की त्यातलं एक मिनिट जमिनीवर साधारण एक नॉटिकल मैल भरतं. त्यामुळे नकाशा आणि पेन्सिल एवढ्यावर कुणालाही अंतर काढता येतं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या साहेबांनी पहिले पंधरा दिवस संगणकाला हात लावू दिला नव्हता. रोज दोन विमानतळांची नावं द्यायचे आणि कागदावर अंतर काढायला लावायचे.

करून बघा. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१ अंश ६ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. अक्षांशातला फरक ४ अंश २६ मिनिटं, म्हणजे २६६ मिनिटं, म्हणजेच उत्तरेकडे २६६ नॉटिकल मैल. रेखांशातला फरक २८६ मिनिटं. पण रेखांश उत्तरेकडे सरकताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून या दोहोंच्या मधल्या अक्षांशावर, एकोणीस अंशांपाशी, त्यातले पाच टक्क्यांहून थोडे जास्त वजा करायचे. राहतात २७१. आता आठवीतला पायथागोरस: २६६ चा वर्ग अधिक २७१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ३८० च्या आसपास. संगणक ३७९ म्हणतो. तेवढा फरक राहणारच, कारण आपण मिनिटं पूर्णांकात घेतली.

या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते, मला ती फार आवडते. २६६ उत्तरेला आणि २७१ पूर्वेला, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. याचा अर्थ कोल्हापूरहून नागपूर जवळजवळ बरोब्बर ईशान्येला आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर ती रेषा सांगली-मिरज उजव्या हाताला ठेवून पंढरपूरला जवळजवळ शिवून जाते. पुढे धाराशिवच्या थोडी वरून निघते. तिचा मध्यबिंदू परळी आणि गंगाखेडच्या दरम्यान पडतो. मग पुसद, यवतमाळ आणि वर्धा यांच्या आसपासून ती सोनेगावला पोहोचते. अंबाबाई, विठोबा आणि वैद्यनाथ एका पट्टीत येतात. आईंना हे सांगा, त्यांना आनंद होईल.

रस्त्याने हेच अंतर आठशे किलोमीटरच्या पुढे जातं. रेल्वेचं तर विचारू नका. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून आधी मिरज, मग सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला असा अख्ख्या राज्याला वळसा घालून नागपूरला येते. प्रवास चोवीस तासांच्या पुढे. सरळ रेषा आणि प्रत्यक्ष वाट यांत इतकी तफावत असलेल्या जोड्या महाराष्ट्रात थोड्या आहेत, आणि म्हणूनच या दोन गावांत विमानाला खरा अर्थ आहे. मुंबई–पुण्यासारखं इथे नाही, की विमानतळावर जायला-यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस रस्त्याने पोहोचला.

पण विमान काही पट्टीने आखलेल्या रेषेवरून उडत नाही. सरळ अंतर ३७९ असलं, तरी कागदावर मी या फेरीला ४०० धरलं असतं. वरचे वीस मैल कुठे जातात? थोडे धावपट्टीच्या दिशेने उडून मग वळण्यात, थोडे ठरलेल्या हवाई मार्गांच्या बिंदूंवरून जाण्यात, थोडे उतरताना रांगेत लागण्यात. हवाई दलाच्या सरावासाठी राखलेलं आकाश वाटेत आलं आणि त्या वेळेला ते चालू असलं, तर आणखी वळसा. उलट आकाश मोकळं असलं, तर मुंबईचे नियंत्रक मधले बिंदू सोडून थेट जायची परवानगी देतात आणि दोन-तीन मिनिटं वाचतात. कोल्हापूर आणि नागपूर दोन्ही मुंबईच्या हवाई क्षेत्रात येतात, त्यामुळे दुसऱ्या क्षेत्राकडे हवाली करण्याची भानगड या फेरीत नाही.

नागपूरच्या डोक्यावरचं आकाश मात्र नेहमी भरलेलं. मुंबई–कोलकाता आणि दिल्ली–चेन्नई या दोन दिशांची विमानं तिथे एकमेकींना छेदतात. हे आजचं नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा आपापल्या गावी पोहोचायची. देशाच्या मधोमध असण्याचा असा रोख उपयोग फार कमी गावांनी केलाय.

आता वेळेकडे वळू. माणसं फसतात ती इथे.

तुम्हाला जिथे ५२ मिनिटं दिसली, तिथे काय केलंय ते सांगते: ७०२ ला ताशी ८०० च्या आसपासच्या वेगाने भागलंय, बस्स. जिथे १ तास २२ मिनिटं दिसली, तिथे त्याच ५२ मध्ये चढ-उतारासाठी म्हणून सरसकट अर्धा तास मिळवलाय. असे आकडे देणाऱ्या साइटना विमान कुठलं, धावपट्टी कुठली, हवा कशी, यातलं काहीच माहीत नसतं. दुसरा आकडा खऱ्याच्या जवळ येतो, तो योगायोगाने. चुकीचं विमान घेतलं की तोही अर्ध्या तासाने चुकतो.

ताशी आठशेचा वेग हा वरचा, सपाट उड्डाणातला. चढताना आणि उतरताना विमान तेवढं धावत नाही, आणि कोल्हापूर–नागपूरसारख्या फेरीत निम्म्याहून जास्त वाट चढण्या-उतरण्यातच जाते. एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट घ्या. चढायला अठराएक मिनिटं, त्यात साधारण शंभर नॉटिकल मैल कापले जातात. वरून खाली यायला वीस मिनिटं, त्यात एकशे दहा. शेवटी वेग कमी करून, पंखांमागच्या झडपा (फ्लॅप) आणि चाकं बाहेर काढून धावपट्टीला लागायला दहा मिनिटं, त्यात पंचवीस. चारशेपैकी दोनशे पस्तीस इथेच संपले. पूर्ण वेगाने उडायला उरले एकशे पासष्ट, तेवढे मैल ते विमान बावीस-तेवीस मिनिटांत संपवतं. बेरीज करा: हवेतला वेळ सत्तर मिनिटं. म्हणजे ज्या वेगाच्या जोरावर आपण ५२ मिनिटांचा हिशेब केला, तो वेग त्या विमानाला जेमतेम वीस-बावीस मिनिटं मिळतो.

तिकिटावरची वेळ मात्र हवेतली नसतेच. ती असते ब्लॉक टाइम. विमान उभं असताना चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतात, त्यांना चॉक म्हणतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी जागेवर येऊन थांबलं की बंद. आमच्या भाषेत एका फेरीच्या चार वेळा असतात: आउट, ऑफ, ऑन, इन. जागेवरून हललं ते आउट, चाकं जमिनीवरून सुटली ते ऑफ, टेकली ते ऑन, जागेवर थांबलं ते इन. नव्या विमानांतून या वेळा आपोआप येतात. मी सुरुवात केली तेव्हा कॅप्टन कंपनीच्या रेडिओवर सांगायचा आणि मी लांबोळक्या रजिस्टरमध्ये चार रकान्यांत लिहायचे. एकदा पावसाळ्यात एका रात्री मी जुनी पानं घेऊन बसले आणि एकाच फेरीच्या महिनाभराच्या वेळा वजा करत गेले. ऑफ आणि ऑन यांच्यातला फरक दिवसागणिक पाच-सात मिनिटांनी हलत होता. आउट आणि ऑफ यांच्यातला, म्हणजे नुसत्या जमिनीवरचा वेळ, कधी चार मिनिटं होता आणि कधी एकोणीस. त्या रात्रीपासून छोट्या फेरीचा वेळ विचारला की मी पहिल्यांदा जमिनीकडे बघते.

छोट्या विमानतळांवर बहुधा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो. विमान धावपट्टीवरच येतं, तिच्यावरूनच शेवटच्या टोकापर्यंत चालत जातं, तिथे अर्धवर्तुळ घेऊन वळतं आणि मग पळायला लागतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते, म्हणजे त्याच सुमाराला दुसरं विमान उतरायला आलं असेल, तर एकाने थांबायचं. कोल्हापूरची धावपट्टी १९३० मीटरची आहे, आणि भरलेलं विमान टोकापासूनच पळवावं लागतं. मधूनच सुटायची मुभा मोठ्या धावपट्टीवर असते, इथे नाही.

शिवाय धावपट्टीची दिशा. तिच्यावर रंगवलेला आकडा म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. कोल्हापूरला ०७ आणि २५. म्हणजे एका बाजूने विमान सत्तर अंशांकडे, पूर्वेकडे सुटतं, दुसऱ्या बाजूने अडीचशे अंशांकडे, पश्चिमेला. नागपूर पंचेचाळीस अंशांवर आहे, तेव्हा ०७ वरून सुटलेलं विमान जवळपास वाटेलाच लागतं. पण विमान उडतं वाऱ्याच्या तोंडाला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून तेव्हा बहुतेक २५ वरून सुटावं लागतं. आधी गगनबावड्याच्या बाजूला तोंड, मग मागे वळून ईशान्येला. तीन-चार मिनिटं तिथे जातात. नागपूरची मुख्य धावपट्टी १४ आणि ३२, ती ३२०० मीटरची. आपण नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे ती आपल्याला आडवी लागते. कुठल्याही बाजूने उतरायचं, तरी वळसा घेऊनच.

जमिनीवरचे बारा-पंधरा मिनिट मिळवले, की जेटचे सत्तर होतात पंचाऐंशीच्या घरात. त्यावर कंपनी चार-पाच मिनिटं उशिरासाठी हातची ठेवते. वेळेवर पोहोचलं की नाही हे मोजताना पंधरा मिनिटांची सूट असतेच, तरीही वेळापत्रक बनवणारा माणूस थोडी सुरक्षितता ठेवतो. म्हणून तिकिटावर दीड तास. आपण दहा मिनिटं आधी पोहोचलो अशी घोषणा होते तेव्हा वैमानिकाने जोरात हाकललेलं नसतं, ही हातची राखलेली मिनिटं उरलेली असतात.

याच फेरीवर एटीआर ७२, म्हणजे पंख्याचं विमान असेल, तर हिशेब बदलतो. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत, २७०-२७५. ते सतरा-अठरा हजार फुटांवरून जातं. चढायला पंधरा मिनिटं, उतरून धावपट्टीला लागायला पंचवीस, मधल्या दोनशे सत्तर मैलांना एक तास. हवेत एक तास चाळीस मिनिटं, तिकिटावर एक पन्नासच्या पुढे. वेगातला फरक दीडपटीहून जास्त, पण वेळेतला फरक फक्त अर्धा तास. कोल्हापूर–मुंबईला, जिथे सरळ अंतर जेमतेम ३१० किलोमीटर आहे, हा फरक आणखी आक्रसतो आणि दहा-पंधरा मिनिटांवर येतो. म्हणून जवळच्या फेऱ्यांना कंपन्या एटीआर लावतात: इंधन कमी आणि प्रवाशाला फरक जाणवत नाही. पंख्याचं विमान म्हणून नाक मुरडणारे लोक मला खटकतात. छोट्या गावांना विमान दिसलं ते बहुतांशी या एटीआरमुळे.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. अमेरिकेला जाताना-येताना वाऱ्याने तास-दीड तासाचा फरक पडतो हे लोकांनी ऐकलेलं असतं, म्हणून इथेही तसंच असेल असं वाटतं. हिवाळ्यात दख्खनवर उंचावर पश्चिमेचा वारा असतो हे खरं. समजा तीस हजार फुटांवर पन्नास नॉटचा वारा आहे. आपली वाट तिरकी, पंचेचाळीस अंशांची, म्हणून त्यातले पस्तीसच नॉट पाठीला लागतात. तेही पूर्ण जोराने वीसेक मिनिटंच. हातात पडतात दोन ते चार मिनिटं. परतीला तेवढीच जातात. पावसाळ्यात गंमत अशी, की खाली पश्चिमेचा मोसमी वारा वाहत असतो आणि खूप वर बरोबर उलटा, पूर्वेचा. त्या वरच्या पूर्वेच्या झोताचा अभ्यास पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात जगापुढे मांडला. त्यामुळे जुलै महिन्यात जेटला नागपूरला जाताना वारा समोरून मिळू शकतो, आणि एटीआर ज्या उंचीवर उडतं तिथे खालचा वारा विरत आलेला असतो. पण सगळं मिळून या फेरीत वारा पाच-सहा मिनिटांच्या वर खेळ करत नाही. पावसाळ्यातला खरा वेळ जातो ढग चुकवण्यात. मराठवाड्यावर दुपारनंतर उभे राहणारे ढग टाळायला विमान तीस-चाळीस मैल बाजूला जातं, आणि ते जायलाच हवं.

उंचीचं एक छोटं सांगते, कारण कुणीतरी विचारतंच. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला विषम हजारांची उंची मिळते, पश्चिमेकडे जाणाऱ्याला सम. नागपूरला जाताना एकोणतीस किंवा एकतीस हजार फूट, येताना अठ्ठावीस किंवा तीस. समोरासमोरची दोन विमानं एका उंचीवर येऊच नयेत, म्हणून हा नियम.

उन्हाळ्यात वेगळा प्रश्न येतो. गरम हवा विरळ, विरळ हवेत पंखाला उचल कमी आणि इंजिनाला जोर कमी. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर, धावपट्टी १९३० मीटर. एप्रिल-मेच्या भर दुपारी तिथून सुटायचं म्हणजे वजन तोलून-मापून भरावं लागतं. क्वचित सामान मागे राहतं किंवा काही जागा रिकाम्या सोडाव्या लागतात. नागपूरला ऊन जास्त, पण धावपट्टी लांब, म्हणून तिथे इतकं अडत नाही. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळचंच विमान घ्या.

अंतराला पैशाचाही अर्थ आहे. छोट्या गावांना स्वस्तात विमानाने जोडण्यासाठीच्या २०१६ च्या सरकारी उडान योजनेत साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या उड्डाणाला ठरावीक जागांसाठी अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा ठेवली होती, आणि अंतरानुसार तिचे टप्पे होते. तिथेही हिशेब सरळ रेषेचा होता, प्रत्यक्ष उडालेल्या वाटेचा नव्हता.

आता तुमच्या सव्वा तासाकडे येते.

तिकिटावरची वेळ बरोबर पाळली गेली असं धरू. विमान जागेवर थांबलं, दार उघडलं. आईंना चाकाची खुर्ची सांगितली असेल, आणि सांगाच, तर खुर्चीवाले प्रवासी सगळ्यात शेवटी उतरतात. दहा-पंधरा मिनिटं. सामान पट्ट्यावर यायला आणखी पंधरा-वीस. बाहेर येऊन टॅक्सी. सोनेगावहून नागपूर स्टेशन आठ-नऊ किलोमीटर, पण वर्धा रोडची गर्दी धरून अर्धा-पाऊण तास. स्टेशनात प्लॅटफॉर्म शोधणं, जिना की लिफ्ट, पंधरा-वीस मिनिटं. सव्वा तास इथेच संपतो, सगळं सुरळीत झालं तरी.

आणि सुरळीत होणं तुमच्या विमानापुरतं नसतं. छोट्या गावांना जाणारं एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी पहिल्या गावी धुक्यात चाळीस मिनिटं अडकलं, की संध्याकाळपर्यंत तो उशीर पुढच्या प्रत्येक फेरीच्या मागे लागतो. याला आम्ही रोटेशन म्हणतो. तुमचं विमान वेळेवर सुटेल का हे कोल्हापूरचं आभाळ बघून कळणार नाही, ते विमान त्याआधी कुठून यायचंय आणि तिथून निघालंय का, यावरून कळेल. विमानांची जागा दाखवणारी ॲप आता फोनवर आहेत, निघण्याआधी दोन तास तेवढं बघा. माझ्याच घरात हे घडलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मामांना मी विमान आणि गाडी यांच्यात दीड तास पुरे म्हणून सांगितलं होतं. विमान आधीच्या गावाहून पन्नास मिनिटं उशिरा आलं. मामा-मामींनी ती रात्र स्टेशनच्या बाकावर काढली. मामा एका शब्दाने बोलले नाहीत. मी आजही वेळ सांगताना त्या बाकाचा विचार करते.

कोल्हापूरला परत येताना आणखी एक ध्यानात ठेवा. ढग खाली आले किंवा पाऊस दाट झाला, तर विमान बेळगाव, गोवा किंवा पुण्याकडे वळू शकतं. बेळगाव सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. असं झालं म्हणजे काही बिनसलं असं नाही. निघतानाच मी कागदावर दुसऱ्या विमानतळाचं नाव आणि तिथपर्यंतचं इंधन लिहिलेलं असतं, शिवाय वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं वेगळं. कॅप्टनने वळायचं ठरवलं, तर तो योग्य तेच करतोय, आईंना तसं सांगून ठेवा.

उशीर झालाच, तर तुमचे हक्क याच ब्लॉक टाइमवर ठरतात. अडीच तासांपर्यंतच्या फेरीला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असेल, तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं तुम्हाला हवं ते. काउंटरवर शांतपणे मागा, मिळतं.

निघतानाचा हिशेब सोपा आहे. काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात, तुमच्या तिकिटावरची नेमकी वेळ वाचून घ्या. शहरातून उजळाईवाडी नऊ-दहा किलोमीटर. आईंसोबत दोन तास आधी पोहोचा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी मागू नका, आणि पायऱ्या चढता येतात की नाही हेही त्यातच स्पष्ट लिहा. छोट्या विमानतळावर इमारतीतून थेट विमानात नेणारा पूल नसतो, विमानापर्यंत चालत किंवा खुर्चीतून जायचं आणि पुढे पायऱ्या. एटीआर असेल तर दार मागच्या बाजूला असतं, तेव्हा मागच्या रांगेतली जागा घ्या, चालणं वाचेल. एम्ब्रेअर असेल तर पुढची. दोन्हींत एका बाजूला दोनच खुर्च्या असतात, मधली जागा नसते, म्हणजे तुम्ही आणि आई, तिसरं कुणी नाही. गुडघ्यांसाठी आईंना आतल्या वाटेच्या बाजूला बसवावंसं वाटेल, पण त्यांचं पहिलंच विमान असेल तर खिडकी त्यांना द्या.

सकाळची वेळ असेल तर डावीकडची खिडकी. नाक ईशान्येला असल्यामुळे ऊन उजवीकडून येतं, डावी बाजू सावलीत राहते. विमान ०७ वरून सुटलं आणि सरळ वाट मिळाली, तर चाकं सुटल्यावर पंधराएक मिनिटांनी, अजून चढत असतानाच, त्यांना त्याच बाजूला खाली बघायला सांगा. आभाळ स्वच्छ असेल, तर भीमेचं ते अर्ध्या चंद्रासारखं वळण आणि त्याच्या काठाला चिकटलेलं पंढरपूर दिसतं.